सालारजंग : हैदराबादच्या राज्यात आगगाडी आणणारे दिवाण

प्रदर्शन घेऊन गावोगाव फिरणारी आगगाडी ही आपल्या देशात आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. १८५७ च्या उठावाच्या दीडशेव्या वर्षानिमित्त सप्टेंबर २००७ मध्ये दिल्लीहून ‘आझादी एक्सप्रेस’ निघाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरअखेर विज्ञानाचे प्रदर्शन घेऊन ‘सायन्स एक्सप्रेस’ रुळांवर आली, तर २०१० मध्ये रवींद्रनाथ ठाकूर यांच्या जीवनकार्याची ओळख करून देणारी ‘संस्कृती एक्सप्रेस’ हावड्याहून सुटली. ज्या गावांना संग्रहालय ठाऊक नाही, त्या गावांच्या फलाटावर संग्रहालय स्वतः येऊन उभे राहते, ही त्यामागची कल्पना. तथापि, या देशातील पहिली प्रवासी गाडी हीदेखील एका अर्थी फिरते प्रदर्शनच होती. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईच्या बोरीबंदरहून ठाण्याकडे निघालेल्या त्या गाडीला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिने जोडली होती. चौदा डब्यांत सुमारे चारशे निमंत्रित बसले होते आणि एकवीस तोफांच्या सलामीने तिला निरोप देण्यात आला. इंग्रज सत्तेचे सामर्थ्य लोकांच्या डोळ्यांपुढून चौतीस किलोमीटर चालत गेले.

त्यानंतर पाचच आठवड्यांनी, २१ मे १८५३ रोजी, हैदराबादच्या निजामाला एका करारावर संमती द्यावी लागली. कंटिंजंट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूरचा दुआब आणि धाराशिव-नळदुर्गचा मुलूख कंपनी सरकारच्या ताब्यात गेला. करार घडवून आणण्याचे अप्रिय काम ज्यांच्या वाट्याला आले, ते दिवाण सिराज-उल-मुल्क त्यानंतर काही दिवसांतच वारले. ३१ मे रोजी त्यांच्या जागी त्यांच्या पुतण्याची नेमणूक झाली. हा पुतण्या चोवीस वर्षांचा होता. त्याचे नाव मीर तुराब अली खान. इतिहास त्यांना पहिले सालारजंग म्हणून ओळखतो. पुढील जवळजवळ तीस वर्षे त्यांनी हैदराबादचा कारभार पाहिला, आणि त्या तीस वर्षांत वऱ्हाड परत मिळवणे व राज्य टिकवणे या दोन गोष्टींनी त्यांना कधी स्वस्थता लाभू दिली नाही. लोहमार्गाची कथा या दोन्हींच्या मधून जाते.

ओस खजिन्याचा वारस

मीर तुराब अली खान यांचा जन्म जानेवारी १८२९ मध्ये विजापूर येथे झाला. घराणे दिवाणांचे होते. मीर आलम, मुनीर-उल-मुल्क आणि सिराज-उल-मुल्क यांनी याआधी निजामाच्या दरबारात हे पद भूषविले होते. मात्र वैभवाच्या जोडीला कर्जही वारसाने आलेले होते. लहानपणीच वडिलांचे छत्र हरपल्यामुळे त्यांचे पालनपोषण आजोबा आणि चुलत्यांच्या घरी झाले. अरबी-फारसीचे पारंपरिक शिक्षण मिळाले, पुढे इंग्रजीशीही परिचय झाला. विशीच्या आतच तेलंगणातील काही तालुक्यांचा कारभार त्यांच्याकडे सोपविण्यात आला आणि जमाबंदीची व्यवस्था प्रत्यक्ष कशी चालते हे त्यांनी तेथे जवळून पाहिले.

दिवाणपदाची वस्त्रे मिळाली तेव्हा राज्याची अवस्था शोचनीय होती. सरकारचे हिरे सावकारांकडे गहाण पडले होते. महसूल मक्त्याने दिला जाई. मक्तेदार रयतेकडून वाटेल तेवढे वसूल करी आणि खजिन्यात ठरल्यापेक्षाही कमी भरी. अरब आणि रोहिले सरदारांच्या टोळ्या सावकारी करीत, जमिनी गहाण ठेवून घेत आणि कर्जदारांना स्वतःच्या तुरुंगात डांबीत. सरकारी न्यायालयापेक्षा अरब जमादाराच्या देवडीचा धाक अधिक होता.

सालारजंग यांनी आरंभ केला तो गहाण तालुके सोडविण्यापासून. सावकारांचे हिशेब तपासून, फेडीचे हप्ते ठरवून एकेक तालुका त्यांनी सरकारकडे परत आणला. मक्तेदारीच्या जागी पगारी तालुकदार नेमले. ठिकठिकाणच्या खाजगी टांकसाळी बंद करून हैदराबादच्या टांकसाळीतून ‘हाली सिक्का’ रुपया चलनात आणला. दारुल उलूम ही पाठशाळा सुरू केली. १८६५ मध्ये त्यांनी जिल्हाबंदी अमलात आणली; राज्याची पाच सुभ्यांत आणि चौदा जिल्ह्यांत विभागणी होऊन प्रत्येक जिल्ह्याला अधिकारी, कचेरी आणि जबाबदारी ठरवून दिली गेली. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड या मराठी जिल्ह्यांच्या कारभाराची पहिली आखणी या काळातली आहे. पुढे जमिनीची मोजणी आणि प्रतबंदी मुंबई इलाख्याच्या धर्तीवर सुरू झाली, तीही मराठवाड्यापासून.

या कामासाठी त्यांनी उत्तर हिंदुस्थानातून कर्तबगार माणसे बोलावली. सय्यद हुसेन बिलग्रामी, मेहदी अली, मुश्ताक हुसेन, चिराग अली ही त्यांतली ठळक नावे. कारभाराला त्यांच्यामुळे शिस्त आली, परंतु स्थानिक मुलकी आणि बाहेरून आलेले गैरमुलकी यांच्यातील कलहाची बीजेही याच काळात रुजली. हैदराबादच्या राजकारणाला हा कलह पुढे शंभर वर्षे पुरला.

सत्तावनचे वर्ष

१८५७ च्या मे महिन्यात निजाम नासिर-उद-दौला यांचे निधन होऊन अफझल-उद-दौला गादीवर आले. उत्तरेतील उठावाच्या बातम्यांनी हैदराबाद शहर पेटून उठले होते. १७ जुलै रोजी तुर्रेबाज खान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली रोहिल्यांच्या जमावाने इंग्रज रेसिडेन्सीवर हल्ला केला. सालारजंग यांनी रेसिडेंट कर्नल डेव्हिडसन यांना आधीच सावध केले होते. रेसिडेन्सीच्या तोफांपुढे हल्ला फसला. मौलवींना अंदमानात पाठविण्यात आले आणि तुर्रेबाज खान १८५९ मध्ये मारले गेले.

सालारजंग यांच्या चरित्रातील सर्वांत वादग्रस्त प्रसंग हाच. दक्षिणेतील सर्वांत मोठे संस्थान उठावात उतरले असते तर इंग्रजांपुढे मोठे संकट उभे राहिले असते, यात शंका नाही. उठावाचे गौरवगान करणाऱ्या इतिहासात तुर्रेबाज खान यांना वीराचे स्थान आहे आणि त्याच इतिहासात सालारजंग यांना इंग्रजांचे साह्यकर्ते म्हटले जाते. त्यांच्या बाजूने एवढेच सांगता येते की, त्यांच्यापुढे वऱ्हाड गमावलेल्या, कर्जात बुडालेल्या राज्याचा प्रश्न होता. चुकीचा पक्ष घेतला तर उरलेले राज्यही अवधप्रमाणे खालसा होईल, ही भीती काल्पनिक नव्हती. निष्ठेच्या मोबदल्यात वऱ्हाड परत मिळेल, अशीही त्यांची अपेक्षा होती. १८६० च्या तहाने ती अर्धवट पुरी झाली. रायचूरचा दुआब आणि धाराशिव-नळदुर्गचा भाग परत मिळाला, पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले, शोरापूरचे संस्थान हैदराबादला जोडले गेले. वऱ्हाड मात्र इंग्रजांच्याच हाती राहिले.

शहरातील रोष दिवाणांना भोवला. १८५९ मध्ये दरबारातून बाहेर पडताना त्यांच्यावर आणि डेव्हिडसन यांच्यावर हल्ला झाला. १८६८ मध्ये त्यांच्या मिरवणुकीवर गोळ्या झाडल्या गेल्या. दोन्ही वेळा ते बचावले. खुद्द निजाम अफझल-उद-दौला यांचाही त्यांच्यावर पूर्ण विश्वास नव्हता. दिवाणांना शहराबाहेर जायचे तर निजामाची अनुमती लागे, आणि त्यांना पदावरून दूर करण्याचा प्रयत्न एकाहून अधिक वेळा झाला. इंग्रजांना ते निजामाचे माणूस वाटत आणि निजामाला इंग्रजांचे. या दोन संशयांच्या मधली अरुंद वाट त्यांनी सोळा वर्षे तुडवली.

वाडी ते सिकंदराबाद

१८६९ मध्ये अफझल-उद-दौला यांचे निधन झाले. वारस महबूब अली खान तेव्हा तीन वर्षांचेही नव्हते. सालारजंग आणि शम्स-उल-उमरा यांच्याकडे संयुक्तपणे राज्यरक्षकाची जबाबदारी आली. आता निर्णय घेण्याचे स्वातंत्र्य वाढले होते, आणि नेमका याच वेळी लोहमार्गाचा प्रश्न ऐरणीवर आला.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुंबई-रायचूर मार्ग निजामाच्या मुलखातून जात होता. १८७१ मध्ये तो रायचूरला मद्रासकडून आलेल्या मार्गाला मिळाला आणि मुंबई व मद्रास ही दोन बंदरे लोखंडाने जोडली गेली. गुलबर्गा, वाडी, रायचूर ही ठिकाणे रुळांवर आली. राजधानी हैदराबाद मात्र बाजूलाच राहिली. इंग्रजांना ही उणीव अधिक जाणवत होती, कारण सिकंदराबाद ही दक्षिणेतील त्यांची मोठी छावणी होती. मुंबईहून पलटणी आणि दारूगोळा थोड्या वेळात तेथे पोहोचावा, ही लष्करी गरज होती. व्यापाराचे कारण सांगितले जाई, पण आग्रहामागे छावणी होती.

सालारजंग यांची अडचण दुहेरी होती. लोहमार्ग झाला तर इंग्रज फौज राजधानीच्या दाराशी अधिक वेगाने येणार, हे त्यांना दिसत होते. नकार दिला तर वऱ्हाडाच्या मागणीला इंग्रजांची सहानुभूती मिळण्याची आशा मावळणार, हेही दिसत होते. शिवाय राज्याचे धान्य, कापूस आणि गळिताची धान्ये बाजारपेठेपर्यंत नेण्यासाठी बैलगाड्या आणि लमाणांचे तांडे यापलीकडे साधन नव्हते. १८७० मध्ये करार झाला. वाडी जंक्शनपासून सिकंदराबादपर्यंत सुमारे १९० किलोमीटरचा रुंद मापाचा मार्ग बांधायचा, देखरेख इंग्रज अभियंत्यांची आणि पैसा निजामाचा, असे त्याचे स्वरूप होते. भागभांडवल उभारण्याच्या प्रयत्नांना पुरेसे यश आले नाही आणि भार अखेर राज्याच्या खजिन्यावर पडला.

ऑक्टोबर १८७४ मध्ये मार्ग खुला झाला. तांडूर, विकाराबाद, शंकरपल्ली अशी स्थानके घेत गाडी हैदराबादच्या पठारावर चढली. वाफेच्या इंजिनाला चालण्यासाठी अग्नी, पाणी आणि कोळसा या तीन गोष्टी लागतात. कडक उन्हाळ्याच्या या खडकाळ प्रदेशात विहिरी, टाक्या आणि पाण्याचे नळखांब उभारावे लागले. इंजिनाची तहान भागवण्यासाठी गाड्या ठरावीक अंतरावर थांबत. कोळशाचा प्रश्न राज्याच्या पोटातूनच पुढे सुटायचा होता. भूगर्भशास्त्रज्ञ विल्यम किंग यांना १८७१ च्या सुमारास येल्लंदूजवळ कोळशाचे थर आढळले होते, परंतु सिंगरेणीच्या खाणी प्रत्यक्ष सुरू होण्यास १८८९ उजाडावे लागले. तोवर इंजिनाच्या भट्टीसाठी इंधन बाहेरून आणणे भाग होते.

आर्थिकदृष्ट्या हा मार्ग लगेच लाभाचा ठरला नाही. गुंतवलेल्या रकमेच्या मानाने उत्पन्न तोकडे होते आणि त्या रकमेचे ओझे राज्याच्या अंदाजपत्रकावर वर्षानुवर्षे राहिले. मार्गाखालच्या जमिनीचा आणखी एक प्रश्न होता. रुळांच्या पट्ट्यातील न्यायाचे अधिकार इंग्रज आपल्याकडे मागत. याचे परिणाम सालारजंग यांच्या निधनानंतरही दिसत राहिले. शंकरपल्लीच्या स्थानकावर मोहम्मद युसुफ-उद-दीन नावाच्या गृहस्थाला सिमल्याच्या न्यायाधिकाऱ्याच्या अटक-हुकमावरून पकडण्यात आले. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. १८९७ मध्ये निकाल लागला तो निजामाच्या सार्वभौमत्वाच्या बाजूने. रेल्वेसाठी दिलेले अधिकार रेल्वेच्या कामापुरतेच आहेत आणि तेवढ्याने निजामाची भूमी इंग्रजांची होत नाही, असा त्याचा आशय होता.

युवराज, पॅरिस आणि लंडन

१८७५ च्या अखेरीस इंग्लंडचे युवराज एडवर्ड हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले. संस्थानिकांनी मुंबईला जाऊन त्यांचे स्वागत करावे, असा संकेत होता. बालनिजामाची प्रकृती प्रवासाला अनुकूल नसल्याचे कारण देऊन सालारजंग स्वतः मुंबईला गेले. वर्षभरापूर्वी खुला झालेला लोहमार्ग अशा वेळी राज्याच्या प्रतिष्ठेच्या कामी आला. युवराजांनी त्यांना इंग्लंडला येण्याचे निमंत्रण दिले.

एप्रिल १८७६ मध्ये ते निघाले. वाटेत रोम येथे त्यांनी इटालियन शिल्पकार जोव्हान्नी मारिया बेन्झोनी यांची बुरखा पांघरलेल्या रेबेकाची संगमरवरी मूर्ती विकत घेतली. दगडातून झिरझिरीत वस्त्राचा भास निर्माण करणारी ही मूर्ती आज हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात पाहावयास मिळते. पॅरिसमध्ये मात्र अपघात घडला. ग्रँड हॉटेलच्या जिन्यावरून पाय घसरून पडल्याने त्यांच्या मांडीचे हाड मोडले. लंडनला ते चाकांच्या खुर्चीतून पोहोचले आणि तशाच अवस्थेत त्यांनी भेटीगाठी घेतल्या. ऑक्सफर्ड विद्यापीठाने मानद पदवी दिली, लंडन शहराने नागरिकत्वाचा मान दिला, राणी व्हिक्टोरियांची भेट झाली.

सत्कारांच्या या मालिकेत त्यांच्या मनात एकच विषय होता. कंटिंजंट फौजेचा खर्च भागेल एवढी रक्कम ठेव म्हणून देण्यास हैदराबाद तयार आहे, मग वऱ्हाड अडकवून ठेवण्याचे कारण उरत नाही, असा युक्तिवाद त्यांनी १८७२ पासून चालवला होता. हिंदुस्थान सरकारने तो फेटाळला होता. लंडनमध्ये मंत्र्यांकडे थेट दाद मागता येईल, ही त्यांची आशा होती. मान मिळाला, मेजवान्या मिळाल्या, वऱ्हाड मिळाले नाही.

परत आल्यावर व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी त्यांच्याकडे संशयाने पाहण्यास सुरुवात केली. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीला व्हिक्टोरिया यांना सम्राज्ञी म्हणून घोषित करणारा दरबार भरला. दहा वर्षांच्या महबूब अली खान यांना घेऊन सालारजंग दिल्लीला गेले. आपला बालराजा हैदराबादच्या इतमामाने मांडला जावा, ही दिवाणांची धडपड. आणि तो साम्राज्याच्या रांगेत मांडला जावा, ही लिटन यांची. त्याच वर्षी शम्स-उल-उमरा यांचे निधन झाले. त्यांच्या जागी लिटन यांनी विकार-उल-उमरा यांना सहराज्यरक्षक म्हणून नेमले. सालारजंग यांचा विरोध असूनही ही नेमणूक झाली आणि १८८१ पर्यंत त्यांना आपल्या प्रतिस्पर्ध्याबरोबर कारभार करावा लागला. वऱ्हाडाचा प्रश्न महबूब अली खान सज्ञान होईपर्यंत पुन्हा काढू नये, अशी बजावणीही त्यांना मिळाली.

याच वर्षांत दख्खनमध्ये १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ पडला. गुलबर्गा, रायचूर आणि लिंगसूर या भागांना त्याची सर्वाधिक झळ लागली. लोहमार्गाने धान्य येत होते, पण दर चांगला मिळेल तिकडे धान्य बाहेरही नेत होते. ज्याच्या हाती पैसा नाही त्याला आगगाडीने आलेल्या धान्याचा उपयोग मर्यादित, हा धडा साऱ्या दक्षिणेने त्या वर्षांत घेतला.

चांद्याचा मार्ग आणि अपुरे आयुष्य

वाडीचा मार्ग हैदराबादशी थांबला होता. तो पूर्वेला वरंगळमार्गे बेझवाड्यापर्यंत आणि उत्तरेला चांद्याच्या दिशेने वाढवावा, कोळशाच्या खाणी रुळांना जोडाव्यात आणि या सर्वासाठी लंडनमध्ये कंपनी उभारावी, अशी योजना १८८० नंतर आकार घेऊ लागली. चारी बाजूंनी इंग्रज मुलखाने वेढलेल्या राज्याला समुद्राकडे वाट हवी होती, यात शंका नव्हती. त्याच दशकात पश्चिम किनाऱ्यावर गोव्यातही अशीच हालचाल चालू होती. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहानंतर मुरगाव बंदरापासून कॅसलरॉकपर्यंतचा घाटमार्ग बांधला जात होता आणि दख्खनचा माल त्या बंदरात उतरावा, अशी अपेक्षा बाळगली जात होती. भूवेष्टित हैदराबादचे लक्ष मुरगावकडे पुढेही राहिले. विसाव्या शतकात, संस्थानाच्या अखेरच्या पर्वात, निजाम सरकारने या बंदराच्या वापराविषयी पोर्तुगिजांशी बोलणीही केली.

पूर्वेच्या विस्ताराची योजना पूर्णत्वास जाताना पाहणे सालारजंग यांच्या नशिबी नव्हते. फेब्रुवारी १८८३ मध्ये मेक्लेनबुर्ग-श्वेरीनचे ड्यूक हैदराबादला पाहुणे आले होते. त्यांच्यासाठी मीर आलम तलावावर नौकाविहार आणि भोजनाचा बेत आखण्यात आला. त्याच रात्री सालारजंग यांना पटकीची बाधा झाली आणि दुसऱ्या दिवशी, ८ फेब्रुवारीला, त्यांचे निधन झाले. वय चोपन्न वर्षांचे होते. मृत्यू इतका अकस्मात होता की शहरात विषप्रयोगाच्या वावड्या उठल्या. हैदराबादच्या दायरा मीर मोमीन या दफनभूमीत त्यांना विसावा मिळाला.

त्यांच्या मृत्यूनंतर चांदा रेल्वे योजनेवरून शहरात खळबळ उडाली. अटी काय आहेत, राज्याचा पैसा कोणत्या हमीवर परदेशी कंपनीच्या हाती जाणार आहे, हे जनतेला कळावे, अशी मागणी सुशिक्षितांनी केली. या चळवळीत हैदराबाद कॉलेजचे प्राचार्य डॉ. अघोरनाथ चट्टोपाध्याय, म्हणजे सरोजिनी नायडू यांचे वडील, आणि मुल्ला अब्दुल कय्यूम अग्रभागी होते. सरकारने १८८३ मध्ये डॉ. अघोरनाथ यांना नोकरीतून दूर करून राज्याबाहेर घालविले. पुढे काही काळाने त्यांना परत घेण्यात आले. हैदराबादच्या राज्यातील सार्वजनिक आंदोलनांचा इतिहास बहुधा याच प्रसंगापासून सांगितला जातो. ज्या राज्यात दिवाणाच्या निर्णयाबद्दल प्रश्न विचारण्याची प्रथा नव्हती, तेथे लोकांनी पहिला मोठा प्रश्न विचारला तो रेल्वेच्या हिशेबाबद्दल.

डिसेंबर १८८३ मध्ये लंडनच्या कंपनीशी करार झाला आणि निजामाची हमी असलेली ‘निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे’ उभी राहिली. भांडवलावर पाच टक्के व्याजाची वीस वर्षांची हमी राज्याने घेतली. नफा झाला तर कंपनीचा आणि तूट आली तर रयतेच्या महसुलातून भरायची, असा त्याचा व्यवहारातील अर्थ होता. मार्ग १८८६ मध्ये वरंगळला आणि १८८९ मध्ये बेझवाड्याला पोहोचला. सिंगरेणीचा कोळसा डोर्नकलच्या फाट्यावरून इंजिनांच्या भट्टीत येऊ लागला. १८९३ मध्ये सिकंदराबादजवळ लालागुडा येथे इंजिने आणि डबे दुरुस्त करणारा कारखाना निघाला.

मराठवाड्यापर्यंत

सालारजंग यांचा मार्ग पश्चिमेकडून राजधानीत आला होता. मराठी जिल्हे त्यापासून दूरच होते. ही उणीव हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेने भरून काढली. १८९९ ते १९०१ या काळात मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड अशी मीटर मापाची गाडी सिकंदराबादला जाऊन मिळाली. जालन्याचा कापूस आणि नांदेडचे धान्य त्या रुळांवरून बाहेर पडू लागले, आणि पुण्या-मुंबईची वर्तमानपत्रे व विचार त्याच गाडीने आत येऊ लागले. निजामाच्या राजवटीविरुद्ध मराठवाड्यात जी जागृती पुढे झाली, तिच्या वाटा या रुळांना लागून होत्या. इंग्रजांच्या फौजेसाठी सुरू झालेली सोय रयतेच्या हालचालीची सोय होईल, हे १८७० च्या कराराच्या कोणत्याही कलमात लिहिलेले नव्हते.

वऱ्हाडाचा प्रश्न सालारजंग यांच्या मृत्यूने संपला नाही. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन यांनी महबूब अली खान यांच्याकडून वऱ्हाड वार्षिक पंचवीस लाखांच्या मोबदल्यात कायमच्या भाडेपट्ट्याने घेतले. ज्या मागणीसाठी दिवाणांनी सत्तावनमध्ये अपकीर्ती पत्करली, लोहमार्गासाठी खजिना रिकामा केला आणि मोडक्या पायाने लंडन गाठले, ती मागणी अशा रीतीने कायमची निकालात निघाली. अकोला आणि अमरावतीचा कापूस मुंबईकडे जात राहिला. त्या मुलखातून धावणाऱ्या आगगाडीवर हैदराबादचा अधिकार कधीच नव्हता.

त्यांच्या राज्यव्यवस्थेचा सांगाडा मात्र टिकला. जिल्हे, तालुके, मोजणीचे दफ्तर, न्यायालयांची उतरंड यांवर १९४८ पर्यंत राज्य चालले. त्यांचे दोष त्याच सांगाड्यात दिसतात. फारसी ही राज्यकारभाराची भाषा त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही. तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेला कचेरीत आपल्या भाषेत बोलता आले नाही. त्यांच्या मृत्यूनंतर फारसीची जागा उर्दूने घेतली, प्रजेच्या भाषांनी नव्हे. सरदार-जहागीरदारांचे विशेषाधिकार त्यांनी आवरले, मोडले नाहीत.

१ एप्रिल १९३० रोजी निजाम सरकारने कंपनीकडून संपूर्ण रेल्वे विकत घेतली. दोनच वर्षांनी, १९३२ मध्ये, याच रेल्वेने रस्त्यावर प्रवासी बसगाड्याही सुरू केल्या. १९५१ मध्ये निजामाची रेल्वे मध्य रेल्वेत विलीन झाली आणि १९६६ मध्ये सिकंदराबाद हे दक्षिण मध्य रेल्वेचे मुख्यालय झाले. त्याच १९५१ च्या डिसेंबरमध्ये, सालारजंग यांच्या नातवाने, तिसऱ्या सालारजंग यांनी, आयुष्यभर जमविलेल्या वस्तूंचे संग्रहालय पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते दिवाण देवडीत खुले झाले. देशोदेशींचे लोक आज ते पाहण्यास येतात. त्यांतील पुष्कळजण वाडीमार्गे सिकंदराबादला उतरतात. गाडी तांडूर, विकाराबाद, शंकरपल्ली याच क्रमाने पुढे जाते. इंजिन आता विजेवर चालते. पठारावर रुळांची पहिली वाट पाडण्यासाठी हैदराबादच्या खजिन्याने मोजलेली किंमत कोणत्याही तिकिटावर छापलेली नसते.